स्वारगेटवरचे तीन तास

२४ डिसेंबरची संध्याकाळ. घाटात ट्रक उलटलेला, त्यामुळे साताऱ्याची गाडी तीन तास लेट. आजोबांविना हा पहिलाच नाताळ, आजी एकटी. उपासना हुकणार म्हणून मी स्वारगेटवर देवावरच चिडलो.

मग रेव्हरंड टिळक आठवले. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात अनोळखी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाईंना तर १९०० उजाडलं. आणि आपल्याला तीन तास जड!

मित्रांनो, माझ्या मते श्रद्धा म्हणजे गाडी वेळेवर येणं नव्हे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना पाट्या वाचून दाखवल्या, बोचकी गाडीत चढवली. तीच माझी उपासना झाली.

मध्यरात्री घरी पोचलो. आजी जागीच होती.