आळस नव्हे, रक्तक्षय

मागच्या बाकावर डोके टेकून बसलेला मुलगा किंवा जिना चढताना धापा टाकणारी मुलगी दिसली, की आळशीपणाचा शिक्का मारण्यास आपल्याकडे विलंब लागत नाही. घरी मोबाइलला दोष दिला जातो, शाळेत अभ्यासातील अनास्थेला. हे निदान पुष्कळदा खरेही असते. या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असून ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. तथापि पुरेशा झोपेनंतरही जो थकवा आठवडेच्या आठवडे हटत नाही, तो स्वभावदोष मानणे हा त्या मुलांवर उघड अन्याय होय.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरील या मोजणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले, तेव्हाही १० ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ४० टक्के आणि मुलांत १८ टक्के भरले. मुलींची ही आकडेवारी काही आळसाची नव्हे. वाढते शरीर, लोहाचा तुटवडा असलेला आहार, जंत आणि मासिक पाळीतील रक्तस्राव अशी ती कारणे आहेत. त्यांतील शेवटच्या कारणाविषयी मुलगी बोलत नाही आणि घरातले कोणी विचारीत नाही.

शाळांतून आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे, आणि ती चांगली आहे. मळमळते म्हणून अनेक मुली ती टाळतात. ती जेवणानंतर घ्यावी आणि लगेच चहा पिऊ नये, एवढे शिक्षकांनी सांगितले तरी बराच उपयोग होईल. चहाने लोहाचे शोषण घटते, लिंबू-आवळ्याने वाढते.

मात्र गोळी म्हणजे निदान नव्हे. निव्वळ शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेलचा विचार करावाच लागतो आणि तेथे केवळ लोहाने भागत नाही. थायरॉईड मंदावल्यास किंवा मन खिन्न असल्यासही अंगात त्राण राहत नाही. सायंकाळचा बारीक ताप आणि घटते वजन क्षयाकडे बोट दाखविते. सतत तहान, वारंवार लघवी आणि झपाट्याने उतरणारे अंग ही तर मधुमेहाची लक्षणे; तेथे एका दिवसाचीही दिरंगाई नको. शिवाय हिमोग्लोबिन १२ ग्रॅम भरले तरी शरीरातील लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीनेच कळतो.

दहावीच्या वर्षात सराव परीक्षांचे वेळापत्रक जूनमध्येच ठरते. त्याच महिन्यात एक सकाळ रक्ततपासणीसाठी राखून ठेवण्यास शाळांना कोणती अडचण आहे, हे मुख्याध्यापकांनीच सांगावे.