घाला कोण घालतो?

मराठी वृत्तपत्रांनी अपघातासाठी एक वेगळीच बोली घडवली आहे. 'काळाने घाला घातला', 'चालकाचा ताबा सुटला', 'रस्ता बनला मृत्यूचा सापळा'. ही वाक्ये इतकी गुळगुळीत झाली आहेत की ती काय लपवतात हे आपल्याला दिसेनासे झाले आहे. ती शिळी आहेत हे आम्ही एक वेळ सोसू. ती खोटी आहेत, हे सोसवत नाही.

विश्वासघात कोणीतरी करतो, आत्मघातालाही कर्ता असतो; अपघात मात्र 'होतो'. सापळा कोणीतरी लावल्याशिवाय लागत नाही, पण बातमीत सापळा असतो आणि लावणारा नसतो. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने जून २००१ मध्ये 'अ‍ॅक्सिडेंट' हा शब्द आपल्या पानांवरून वर्ज्य केला, तो याच जाणिवेतून: बहुतेक इजा टाळता येण्याजोग्या असतात आणि हा शब्द त्या अटळ ठरवतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी ठाण्यात आनंद दिघे यांच्या गाडीला अपघात झाला आणि २६ ऑगस्ट २००१ रोजी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. टेंभी नाक्याने ती आठवण आजवर जपली आहे. त्या हकिगतीत नेता आहे, संतप्त जमाव आहे, जाळपोळ झालेले रुग्णालय आहे. तर्कवितर्कांना तर खंडच नाही. पण आमच्या ऐकण्यातल्या एकाही हकिगतीत रस्ता हे पात्र म्हणून येत नाही.

त्याच टेंभी नाक्यापासून फार दूर नाही, असा पूर्व द्रुतगती महामार्ग शहर चिरत जातो. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा: नावे वस्तीची, वेग महामार्गाचा. उड्डाणपुलांवरून लांबचा प्रवासी धावतो. खाली पादचारी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतो. गर्दी म्हणजे धोका, असा आपला समज. वस्तुतः सकाळच्या मुंगीच्या चालीत बहुधा पत्रे चेपतात; माणसे मरतात ती रस्ता मोकळा होऊन वेग वाढल्यावर. वाहनांची संख्या, वेळ, वेग, वळण, उजेड यांतून टकरींचा एक आकृतिबंध सिद्ध होतो. ज्याला आकृतिबंध आहे त्याला दैव म्हणणे साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी शोभत नाही.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात आहेत. या रकान्यात चालक सापडतो; वेगाला निमंत्रण देणारा आणि तोच पायी ओलांडायला लावणारा रस्ता ज्याने आखला, तो सापडत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले आणि रस्त्याच्या सदोष रचनेसाठी जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. दंड किरकोळ आहे. पण कायद्याने निदान कर्ता शोधायला घेतला. आमची भाषा अजून काळालाच बोल लावते.

शब्द बदलून का माणसे वाचतात, असे कोणी विचारील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली होती. २०२३ पर्यंत हा आकडा निम्म्याहून खाली आला. मधल्या काळात उघडे खांब झाकले गेले, कठडे बसले, वेगावर पाळत आली. काळ तोच होता. मात्र या कामाला हात घालण्याआधी 'हे टाळता येते' हे वाक्य कोणाला तरी उच्चारावे लागले. 'घाला' हा शब्द ते वाक्य उच्चारूच देत नाही.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना आमचे एक सुचवणे आहे. व्याकरणाच्या तासाला 'महामार्गावर अपघात झाला' हे वाक्य फळ्यावर लिहावे. विद्यार्थी कर्ता सांगतील: अपघात. व्याकरणाच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे. तिथून पुढे तास सुरू व्हावा.