‘सारखा’ दिसला की उपमा?

दहावीच्या परीक्षेची तयारी करणारी आमच्या शेजारची मुलगी परवा मराठीचे पुस्तक घेऊन आली. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द ही उपमेची चारही अंगे तिने एका दमात म्हणून दाखविली. मी सहज विचारले, “‘दादा अगदी बाबांसारखा दिसतो’, यात अलंकार कोणता?” ती तत्काळ उत्तरली, “उपमा.” “आणि ‘सकाळपासून पाऊस सारखा पडतो आहे’, यात?” क्षणभर थांबून ती म्हणाली, “काका, ‘सारखा’ आहे म्हणजे उपमाच ना?”

हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. पावसाच्या वाक्यातील ‘सारखा’ म्हणजे ‘सतत’. तेथे तुलनाच नाही. पहिल्या वाक्यात तुलना आहे, पण मुलगा बापासारखा दिसणे ही वस्तुस्थिती झाली, अलंकार नव्हे. एरवी ज्यांचा परस्परांशी संबंध नाही अशा दोन गोष्टींतील साम्य कुणाच्या तरी नजरेस पडते आणि ते ऐकणाऱ्यालाही सुखावून जाते, तेव्हा उपमा जन्माला येते. दोष त्या मुलीचा नाही. ‘सम, समान, सारखा’ दिसले की उपमा आणि ‘जणू, गमे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, ही गुण मिळविण्याची किल्ली आपणच तिच्या हाती दिली आहे.

वास्तविक हा विषय किती सोपा आणि किती रसाळ! ‘आजीचा हात सायीसारखा मऊ’ म्हटले की उपमा. ‘आजीचा हात म्हणजे जणू सायच’ म्हटले की उत्प्रेक्षा. ‘जणू’ गळून पडले आणि हात व साय एकरूप झाली की रूपक. ‘हा हात नव्हे, ही तर साय’ अशी मूळ वस्तूच नाकारली की अपन्हुती. ‘सायीहूनही मऊ’ म्हणजे व्यतिरेक. आणि साऱ्या उपमा थिट्या पडल्यावर ‘आजीच्या हातासारखा आजीचाच हात’ म्हटले, की तो अनन्वय! हात तोच, साय तीच. बदलत गेली ती बोलणाऱ्याच्या मनाची ओढ. हे एकदा उमगले की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आपल्या पूर्वसूरींनी या शास्त्राचा केवढा विस्तार केला! भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढे भामह, दंडी, मम्मट यांनी त्यांत भर घातली आणि अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ही संख्या शंभरावर गेली. परंतु वामनाने मर्म सांगून ठेवले आहे, की सौंदर्य हाच अलंकार. ‘अलम्’ या शब्दाचा एक अर्थ ‘पुरेसे’ असाही आहे. साधे वाक्य जेथे अपुरे पडते तेथे त्याला पुरेसे करणारा, तो अलंकार. तो वरून चढविलेला दागिना नव्हे.

म्हणूनच तो पंडितांच्या मालकीचा कधी राहिला नाही. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचे तत्त्वज्ञान मराठीत आणले, ते नित्याच्या व्यवहारातील दृष्टान्तांच्या बळावर. शाळेची पायरीही न चढलेल्या बहिणाबाईंना संसाराचे मर्म चुलीवरच्या तव्यात सापडले. आणि ‘आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार’ असे म्हणणाऱ्या आपल्या आजीने कोणते अलंकारशास्त्र वाचले होते?

प्रश्न केवळ दोन-चार गुणांचा नाही. आज जाहिरात असो वा निवडणुकीची सभा, सारा व्यवहार प्रतिमांच्या भाषेत चालतो. ज्याला रूपक ओळखता येत नाही, तो रूपकालाच वस्तुस्थिती मानून बसतो. ज्याला अतिशयोक्ती कळत नाही, तो तिच्यावर विश्वास ठेवतो. अलंकार समजणे म्हणजे काव्याचा आनंद घेता येणे, आणि शब्दांकडून फसविले न जाणे. हे विवेकाचे शिक्षण आहे. पण ते आपण व्याकरणाच्या एका कोपऱ्यात ढकलून दिले आहे.

शाळा कधी बदलायची ती बदलो. घरात तर आपल्याला कोणी अडविलेले नाही. रात्रीच्या जेवणाला सारे एकत्र बसतात, तेव्हा पानातील गरम भाकरीला, बाहेरच्या पावसाला, थकून आलेल्या बाबांना प्रत्येकाने एक उपमा द्यावी. नाव नंतर सांगावे, आधी पाहायला शिकवावे.

त्या मुलीला मी तेच सांगितले, “पुस्तक मीट आणि खिडकीबाहेर बघ. पाऊस कसा दिसतो?” बराच वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, “आई तांदूळ पाखडते ना, तसा.”

हा अलंकार कोणता, हे मी तिला विचारले नाही.