मूलपेशींची आशा आणि हरवलेले सहा तास

‘पंपिंग तीस टक्क्यांवर आले आहे’ हे डॉक्टरांचे वाक्य ज्या घराने एकदा ऐकले आहे, त्या घराला त्याचा अर्थ पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. ॲन्जिओप्लास्टी झालेली असते, स्टेंट बसलेला असतो, रुग्ण बोलूचालू लागलेला असतो. पण जिना चढताना लागणारी धाप आणि पायांवर येणारी सूज आता कायमची सोबत करणार, हे हळूहळू सर्वांच्या ध्यानात येते. अशा वेळी कोणी आप्त सांगतो की, अमुक शहरात ‘स्टेम सेल’चे उपचार होतात, कमरेच्या हाडातून मज्जा काढून हृदयात सोडतात आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवतो. काही लाखांचा प्रश्न असतो. मुदतठेव मोडायची की गावाकडची जमीन काढायची, एवढेच ठरवायचे उरते.

या सल्ल्यात त्या आप्ताचा दोष नाही. पंचवीस वर्षांपूर्वी जगातील नामांकित वैज्ञानिकांनीच ही आशा दाखविली होती. ती दाखविताना जो गाजावाजा झाला, तो पुढे तिचे काय झाले हे सांगताना झाला नाही, हे या विषयातले खरे दुखणे आहे.

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात डाव्या जवनिकेतील सुमारे शंभर कोटी स्नायूपेशी मरू शकतात. कातडी कापली तर भरून येते, यकृताचा तुकडा काढला तरी ते वाढते. हृदयाचे तसे नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी आकुंचन न पावणारा, निर्जीव व्रण तयार होतो. स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये मोठ्या कल्पकतेने याचे मोजमाप केले. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या पेशींत शिरला होता. त्यावरून पेशींचे वय काढता आले. पंचविशीतील माणसाच्या हृदयात वर्षाला जेमतेम एक टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते, असे निष्पन्न झाले. म्हणजे निसर्गाने खिडकी अगदीच बंद केलेली नाही; पण झटक्याने पडलेले खिंडार त्या फटीतून भरून निघणे अशक्यच.

म्हणूनच एप्रिल २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने खळबळ उडाली. अमेरिकेतील डोनाल्ड ऑर्लिक, पिएरो अन्वर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाला कृत्रिम इजा करून तेथे अस्थिमज्जेतील मूलपेशी टोचल्या होत्या. अवघ्या नऊ दिवसांत इजा झालेल्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने व्यापला, असा त्यांचा दावा होता. हा निबंध छापून येत होता त्याच सुमारास जर्मनीतील ड्युसेलडोर्फ येथे बोडो-एकेहार्ड स्ट्राउअर यांनी एका ४६ वर्षांच्या रुग्णाच्या रक्तवाहिनीत त्याच्याच मज्जेतील पेशी सोडल्याही होत्या. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या नेतृत्वाखाली २००३ पासून हृदयरुग्णांवर असे प्रयोग सुरू झाले. प्रसारमाध्यमांनी त्याचे ‘चमत्कार’ म्हणून स्वागत केले. उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर इतक्या घाईने क्वचितच कापले गेले असेल.

पाया मात्र तीनच वर्षांत हलला. २००४ मध्ये त्याच ‘नेचर’मध्ये सिएटल आणि स्टॅनफर्ड येथील दोन स्वतंत्र गटांचे निबंध आले. मज्जेतील रक्तपेशी घडविणाऱ्या मूलपेशी हृदयात गेल्या तरी हृदयस्नायू बनत नाहीत, असे दोघांनाही आढळले. तरीही रुग्णांवरील प्रयोग थांबले नाहीत. स्नायू तयार होत नसला तरी या पेशी काही उपकारक द्रव्ये सोडत असतील, असे नवे स्पष्टीकरण पुढे आले. ते अगदीच गैर नव्हते. पण सिद्धांत कोसळल्यावर उपचार तसाच ठेवून केवळ त्याचे कारण बदलले जाते, तेव्हा सामान्य माणसानेही कान टवकारावेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. झटक्यानंतर हृदयाचा सगळाच निकामी भाग मेलेला नसतो. रक्त कमी पडल्याने त्यातील काही स्नायू नुसता सुन्न झालेला असतो. रक्तवाहिनी मोकळी झाली की तो काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप कामाला लागतो. म्हणजे तिसाचे पंपिंग काही महिन्यांत चाळीसच्या घरात जाऊ शकते, आणि तेही कोणत्याही मूलपेशीविना. मधल्या काळात ज्याने लाखो रुपये मोजून पेशी टोचून घेतल्या, तो साहजिकच श्रेय पेशींना देणार. त्याचे सांगणे प्रामाणिक असते, निष्कर्ष मात्र चुकीचा. हा गोंधळ टाळायचा तर रुग्णांचे दोन गट करावे लागतात. एकाला पेशी, दुसऱ्याला नाही, आणि मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे.

अशा चाचण्या झाल्या. जर्मनीतील हॅनोव्हर येथे ६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी पेशी मिळालेला गट स्पष्टपणे पुढे होता. अठरा महिन्यांनी ती आघाडी टिकली नव्हती. २००६ मध्ये फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी २०४ रुग्णांत पंपिंग साडेपाच अंकांनी वाढल्याचे नोंदविले, पण नुसते द्रव मिळालेल्या गटातही ते तीन अंकांनी वाढलेच होते. त्याच वेळी नॉर्वेतील १०० रुग्णांच्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही. हे उपचार माणसाचे आयुष्य वाढवितात का, या मूळ प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी युरोपात ३००० रुग्णांची चाचणी योजली गेली. प्रत्यक्षात ३७५ रुग्णच मिळाले आणि २०२० मध्ये ती निर्णायक उत्तराविना प्रसिद्ध झाली.

भारताचाही यात वाटा आहे आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. लष्करी डॉक्टरांच्या पुढाकाराने पाच रुग्णालयांत २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आले. पेशी मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत पंपिंग सुमारे पाचच अंकांनी सुधारले. यशाची बातमी देणे सोपे असते. ‘आम्ही करून पाहिले, एकूण गटात फरक पडला नाही’ हे छापायला अधिक धैर्य लागते. या बातमीला वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर जागा मिळायला हवी होती.

मग काही केंद्रांतून इतके उत्तम निकाल कसे येत राहिले? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील डॅरेल फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी ४९ चाचण्यांचे १३३ अहवाल ओळीओळीने वाचले. त्यांत ६०४ विसंगती सापडल्या : बेरजा न जुळणाऱ्या, रुग्णसंख्या बदलणाऱ्या, एका तक्त्यातले दुसऱ्यात नाकारणाऱ्या. ज्या अहवालांत विसंगती जास्त, त्यांत लाभही जास्त. ज्या मोजक्या पाच चाचण्यांत एकही विसंगती नव्हती, त्यांत लाभ शून्य किंवा त्याहूनही किंचित खाली. वैज्ञानिक परिभाषा बाजूला ठेवली, तरी हिशेब तपासणाऱ्या कोणत्याही मुनीमजीला याचा अर्थ कळावा.

आणि ज्यांच्या उंदरांनी हे सारे सुरू केले, त्या पिएरो अन्वर्सांचे काय झाले? ते पुढे बॉस्टनला हार्वर्डशी संलग्न रुग्णालयात गेले. हृदयाच्या स्वतःच्या मूलपेशी असतात, असा दावा त्यांनी केला. त्या पेशी रुग्णांना दिल्याचा गाजलेला निबंध २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. २०१७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने खोट्या माहितीच्या आधारे सरकारी संशोधननिधी मिळविल्याच्या आरोपांवर संबंधित रुग्णालयाने अमेरिकी सरकारला एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्या रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस केली. ‘लॅन्सेट’नेही आपला निबंध २०१९ मध्ये मागे घेतला. या मधल्या वर्षांत त्या निबंधांच्या भरवशावर जगभर किती रुग्णांच्या छातीत आणि मांडीत सुया टोचल्या गेल्या, त्याची भरपाई कोणत्याही शिफारशीने होणारी नाही.

पाश्चात्त्य विज्ञानाचे पितळ उघडे पडले म्हणून आपण आनंद मानावा, असे यात काही नाही. ते पितळ त्याच विज्ञानाच्या तपासणीने उघडे पाडले. उलट २०१९ च्या जानेवारीत आपल्या सायन्स काँग्रेसच्या व्यासपीठावरून कौरवांचा जन्म मूलपेशी तंत्राने झाल्याचे सांगितले गेले, तेव्हा टाळ्यांपेक्षा प्रश्न अधिक यायला हवे होते. महाभारताची थोरवी प्रयोगशाळेच्या दाखल्यावर अवलंबून नाही. आणि ज्या भूमीत सुश्रुताने शव उघडून प्रत्यक्ष पाहून शिकण्याचा आग्रह धरला, तिथे पुराव्याची मागणी परकी कशी ठरावी?

सुदैवाने आपल्या संस्थांनी या बाबतीत विवेक दाखविला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ मध्ये मूलपेशी संशोधन व उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. २०१३ च्या सुधारणेत त्यांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्दच काढून टाकला. २०१७ ची तत्त्वे अधिक स्पष्ट आहेत : रक्ताच्या व तत्सम काही मान्य विकारांतील मज्जारोपण सोडले, तर मूलपेशींचा रुग्णावरील वापर केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. चाचणी असेल तर तिची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत असते आणि ती कोणालाही पाहता येते. शिवाय प्रायोगिक उपचाराचे शुल्क रुग्णाकडून घ्यायचे नसते. तेव्हा हृदयातील मूलपेशींसाठी कोणी लाखांचे अंदाजपत्रक हातात ठेवले, तर पुढे विचारण्यासारखे फार काही उरत नाही.

संशोधन मात्र थांबलेले नाही, थांबूही नये. जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशींना पुन्हा मूलावस्थेत नेण्याची युक्ती २००६ मध्ये शोधली. त्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. अशा पेशींपासून धडधडणारा खरा हृदयस्नायू प्रयोगशाळेत तयार होतो. ओसाका येथे २०२० मध्ये त्याचा पातळ थर रुग्णाच्या हृदयावर बसविला गेला. जर्मनीतील ग्योटिंगेनच्या गटाने अशाच स्नायूच्या ठिगळांचे अनुभव २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. हृदयाचे ठोके बिघडणे, शरीराने परका स्नायू नाकारणे, हे अडथळे अजून आहेत. हा मार्ग लांबचा आहे, पण यात निदान हृदयस्नायू म्हणून जे दिले जाते, ते हृदयस्नायूच असते.

तोवर आज झटका येणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर घड्याळात आहे. रक्तवाहिनी बंद झाल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो आणि धोक्यात असलेल्या भागाचा बराच मोठा हिस्सा सहा तासांत हातचा जातो. भारतातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केली. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोहोचायला लागलेला मध्यमान वेळ होता ३६० मिनिटे. बरोबर सहा तास! महिन्याभरातील मृत्यूंचे प्रमाण श्रीमंतांत साडेपाच टक्के होते, तर सर्वांत गरीब गटात आठ टक्क्यांहून अधिक. ते सहा तास कुठे जातात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे : ॲसिडिटी समजून ओवा चघळण्यात, सकाळ होण्याची वाट पाहण्यात, गाडी शोधण्यात, आणि ज्या दवाखान्यात ईसीजीच निघत नाही तिथे रांगेत बसण्यात.

हे बदलता येते. गोव्यात २०१८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत लहान सरकारी केंद्रांवर ईसीजी काढून तो दूरवरच्या तज्ज्ञाकडे तत्काळ पाठविला जातो. झटका निश्चित झाला की गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला बांबोळीला हलवितात. महाराष्ट्रातही याच धर्तीवर काम सुरू झाले आहे. पण योजना कागदावर असणे निराळे आणि आपल्या तालुक्यात असणे निराळे. आपल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता ईसीजी निघतो का, तो कोण वाचतो, ते इंजेक्शन कपाटात आहे का आणि त्याची मुदत संपलेली तर नाही ना, ही चौकशी कार्यकर्त्यांनी एकदा प्रत्यक्ष जाऊन करावी.