खिडकी, पांदण आणि नकाशाची भाषा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांची नोंद 'ओपनस्ट्रीटमॅप'वर करायला घेतली. हा नकाशा कोणा एका कंपनीचा वा सरकारचा नाही. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला आणि जगभरातली हौशी माणसे तो आजही भरत आहेत. विश्वकोशासारखे काम, फक्त लेखांच्या जागी रस्ते, विहिरी, देवळे आणि नद्या. मी मराठीचा मास्तर. या कामात माझा संबंध शुद्धलेखनापुरता असेल, अशी माझी समजूत होती. दोन दिवसांत ती गेली, कारण मुलांचे भांडण जागेवरून नव्हते, शब्दावरून होते.

या नकाशात नुसती रेघ ओढून भागत नाही. ती रेघ कशाची, हे ठरावीक शब्दात सांगावे लागते. रस्ता असेल तर कोणत्या प्रकारचा, पाणी असेल तर कोणत्या जातीचे. या शब्दांना 'टॅग' म्हणतात. टॅग कोणते असावेत यावर तिथे अखंड वाद चालतो, प्रस्ताव मांडले जातात, मतदानही होते. तत्त्वतः कोणालाही हवा तो टॅग वापरण्याची मुभा आहे. व्यवहारात मात्र ज्या शब्दांना यंत्रे ओळखतात तेच नकाशावर उमटतात, आणि ते शब्द जवळपास सगळे ब्रिटिश इंग्रजीतले आहेत.

पहिला खटका उडाला पांदणीवरून. दर्यापूरकडच्या एका मुलाने आपल्या गावाची पांदण नोंदवायला घेतली, तर यादीत ती 'हायवे' या सदरात. वर्ग हसला. "सर, थो हायवे नोय, पांदन हाय," असे तो गंभीरपणे म्हणाला आणि वर्ग आणखी हसला. मीही हसलो. नंतर कळले की हसण्यासारखे त्यात काही नव्हते. इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत ज्या वाटेने जाण्याचा सर्वांना हक्क आहे अशी कोणतीही वाट, अगदी पायवाटसुद्धा, हायवेच असते. म्हणजे तो शब्द रुंदी सांगत नाही, हक्क सांगतो. आणि पांदण तरी वेगळी काय आहे? दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून जाणारी, कोणा एकाची नसलेली आणि म्हणूनच सगळ्यांची वाट. शब्द परका होता, पण त्याने आपल्याच शब्दाचा विसरलेला अर्थ आठवून दिला.

खरी अडचण पुढे आली. शेतवाटांसाठी नकाशात 'ट्रॅक' असा प्रकार आहे आणि त्याच्या पक्केपणाच्या पाच प्रती आहेत. आमच्या काळ्या मातीतली पांदण कोणत्या प्रतीची? वैशाखात ट्रॅक्टर धुरळा उडवत जातो, श्रावणात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. एका जागेची दोन ऋतूंत दोन रूपे. ज्या देशात ही पाच प्रतींची कल्पना निघाली तिथल्या मातीला बहुधा इतके नाटक करता येत नसावे.

त्याहून मोठा प्रश्न होता तो पांदण उरलीच नसल्याचा. त्या मुलाच्या गावात शेजाऱ्यांनी दोन्हीकडून नांगरत आणून ती बुजवली आहे. नकाशाचा सर्वमान्य दंडक असा की, जमिनीवर जे दिसते तेच नोंदवावे. दंडक चांगला आहे. त्याविना नकाशात सरकारी स्वप्ने आणि बिल्डरांच्या जाहिराती शिरल्या असत्या. पण या दंडकाने नांगरणाऱ्याचा विजय होतो आणि पावसाळ्यात डोक्यावर खताचे पोते घेऊन दुसऱ्याच्या पिकातून वाट काढणारा हरतो. नकाशावरची रेघ हा काही सातबारा नव्हे, हे खरे. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे आणि तहसीलदाराचे कार्यालय आहे. पण ज्या वाटेला नावच उरले नाही तिच्यासाठी अर्ज तरी कोण करणार?

दुसरा वाद नाल्याचा. यादीत जवळचे दोन पर्याय होते: 'ड्रेन' आणि 'स्ट्रीम'. ड्रेन म्हणजे सांडपाणी किंवा पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी माणसाने काढलेली वाट. स्ट्रीम म्हणजे नैसर्गिक प्रवाह, आणि त्याची व्याख्या अशी की धडधाकट माणसाला तो उडी मारून ओलांडता यावा. अकोल्याच्या मुलीने नाला सरळ ड्रेन म्हणून टाकला. शहरात वाढलेल्या तिच्या कानाला नाला म्हणजे गटारच. खेड्यातल्या मुलांनी हरकत घेतली. वऱ्हाडात नाला हा नदीचा धाकटा भाऊ असतो. त्याला उगम असतो, मासे असतात, काठावर म्हसोबा असतो. उडीची कसोटी तर आमच्याकडे चालतच नाही. जो नाला मे महिन्यात एका ढांगेत ओलांडता येतो, तोच आषाढात जोडीसकट बंडी ओढून नेतो.

हा शब्दच्छल नाही. अमरावतीच्या मधून अंबा नाला वाहतो. 'नाला' हा शब्द शहरात येता येता 'गटार' झाला, आणि गटार म्हटल्यावर ते बुजवायला, त्यावर स्लॅब टाकायला, त्याच्या पात्रात बांधकाम करायला कोणाला काही वाटेनासे झाले. ही साऱ्याच शहरांची कथा आहे. उलट, २०१८ च्या जानेवारीत अकोल्यात हजारो लोक मोर्णेच्या पात्रात उतरले ते ती 'नदी' होती म्हणून. नाल्यासाठी इतके हात पुढे आले असते का, याची मला शंका आहे. आपण ज्याला जे म्हणतो तसे त्याच्याशी वागतो. आणि २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर मदतपथकांनी हाच नकाशा हाती घेतला होता, हे ध्यानात ठेवले तर पुराच्या रात्री 'ड्रेन' आणि 'स्ट्रीम' यांतला फरक किती महाग पडू शकतो, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे उदाहरण खिडकीचे. अमरावतीच्या जुन्या परकोटाला जसे दरवाजे आहेत तशा खिडक्याही आहेत. खुनारी खिडकी अमरावतीकराला माहीत नाही असे होणार नाही. ही खिडकी म्हणजे परकोटातले लहान प्रवेशद्वार, वारा येण्याची जागा नव्हे. भाषांतराच्या यंत्राला हा शब्द द्या, ते त्याची काचेची तावदाने करून टाकील. नकाशाच्या यादीत परकोटाच्या वेशीसाठी टॅग आहे, आणि तो इथे चालतो. पण जवाहर गेट आणि खुनारी खिडकी एकाच टॅगखाली आली की दरवाजा आणि खिडकी हा जो भेद आमच्या पूर्वजांनी शब्दात जपला, तो पुसला गेला.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात घेतला. पण गावात पाटी नवी आणि तोंडी नाव जुने, असे आजही आहे. 'लोक जे म्हणतात तेच लिहा' हा दंडक इथे लावायचा का? माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "कोणते लोक, सर? आमी तं तसं म्हनत नाही." मला वाटते, या प्रश्नात सगळा निकाल आला. गाव म्हणजे फक्त बाहेरून बोट दाखवणारे नव्हेत. तिथे राहणारा स्वतःच्या वस्तीला जे म्हणतो तेच तिचे नाव. इतिहासाच्या अभ्यासकाला जुने नाव हवे असेल तर त्याने ते ग्रंथात शोधावे. रोज वाट दाखवणाऱ्या नकाशाने ते कोणाच्या दारावर टांगू नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येक तालुक्याने आपापले शब्द घुसवले तर नकाशा सर्वांचा कसा राहील? जर्मनीत बसून वाट शोधणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला पांदण कुठून कळणार? मान्य. सामाईक शब्द हवेतच. पण सामाईक शब्द हा शेवटचा शब्द असावा, हे कुठे ठरले? ट्रॅक लिहावे आणि त्याशेजारी 'पांदण' हेही नोंदवावे. वेस लिहावी आणि 'खिडकी'ही. त्या नकाशात स्थानिक नावाला, जुन्या नावाला, पर्यायी नावाला स्वतंत्र जागा आहे. ती रिकामी राहते हा दोष इंग्रजांचा नाही, आपला आहे.

आणि ही रीत आपल्याला परकी नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, तिथे म्हाइंभटाने तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा माणसांना विचारून विचारून गोळा केल्या. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर महानुभावांच्या पोथ्यांत एक खोडून दुसरी ठेवलेली नाही. 'वासना' म्हणून अमक्याची आठवण अशी, तमक्याची अशी, हे शेजारी शेजारी लिहिले आहे. 'स्थानपोथी'त तर स्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांचे दिशांसह वर्णन आहे. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेला हा ग्रंथ आपण एम. ए.ला भाषेसाठी वाचतो. तो अनेकांच्या स्मरणातून उभा राहिलेला नकाशाही आहे, हे मला इतक्या वर्षांच्या अध्यापनात सुचले नव्हते. नाल्यावरून भांडणाऱ्या पोरांनी ते सुचवले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, हे काम संगणकवाल्यांवर सोडून मोकळे होऊ नये. शब्दांच्या अर्थच्छटा हा आपला धंदा आहे. धुरा आणि बांध, ढाणा आणि वस्ती, गढी आणि किल्ला, खारपाणपट्ट्यातली पिण्याची विहीर आणि वापरायची विहीर यांतले भेद कोणी सांगायचे? बोलीचे नमुने गोळा करायला आपण विद्यार्थ्यांना खेड्यात पाठवतोच. शब्दासोबत जागाही लिहून आणायला सांगितली तर दोन्ही टिकतील.

आमच्या नाल्याचा निर्णय अजून झालेला नाही. वर्गाने शेवटी असे ठरवले की, पहिला जोराचा पाऊस झाला की सगळ्यांनी काठावर जाऊन उभे राहायचे, आणि मग काय ते लिहायचे. तोवर तिथे 'नाला' एवढेच नाव आहे, प्रकाराची जागा रिकामी आहे. मला ती रिकामी जागा चुकीच्या शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.