पोराला कॅनडाला धाडताय? आधी ताळेबंद मांडा



मागे एकदा शेतकऱ्यांचा एक गट घेऊन हिवरे बाजारला शिवारफेरीला गेलो होतो. दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो तेव्हा गटातले एक काका जवळ सरकले. मला वाटले, कांद्यावरच्या करप्याचे विचारतील. ते हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, धाकट्याला कॅनडाला धाडायचंय. एजंट पंचवीस लाख सांगतोय. विहिरीजवळचं दोन एकर काढावं का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण याच प्रश्नाला मी एकदा घाईने उत्तर दिले होते. २०२२ साली माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याने विचारले, तेव्हा मी म्हणालो होतो, "धाडा बिनधास्त. पोरगं हुशार आहे." फवारणीचे औषध सांगताना आपण लेबल वाचून सांगतो. इथे मी काहीच न वाचता सल्ला दिला. सातबाऱ्यावर बोजा चढला आणि पोरगा विनिपेगला गेला.

विनिपेग म्हणजे काय ते ऐका. आपल्याकडे पारा आठ-दहावर आला की आपण द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो. घरातल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा असतो साधारण उणे १८ अंशांवर. विनिपेगला जानेवारीची पहाट सरासरी उणे २० च्या आसपास असते, आणि कधी कधी ती उणे ३० च्याही खाली जाते. त्यात वारा सुटला तर उघडी कातडी काही मिनिटांत गोठून मरते. गाड्यांना रात्री विजेची वायर लावून ठेवावी लागते, नाहीतर इंजिन सकाळी सुरू होत नाही. डिसेंबरात दुपारी साडेचारला दिवस मावळतो आणि सकाळी आठ वाजून गेल्यावर उगवतो.

पोराने बर्फात उभा राहून फोटो धाडला. आईने तो गावभर दाखवला. फोनवर तो रोज म्हणायचा, "मजेत आहे." खरे काय ते मला वर्षभराने कळले. घराच्या तळघरातल्या एका खोलीत चौघे राहत होते. तीन महिने काम मिळाले नव्हते. नगरच्या बाजारातून नेलेले जाकीट पहिल्याच आठवड्यात निकामी ठरले. सुटीच्या दिवशी तो गुरुद्वारात जेवायचा आणि बाकीचे दिवस एक वेळ. मी विचारले, "परत का नाही आलास?" तो म्हणाला, "कोणत्या तोंडानं येऊ? बापाची जमीन गुंतलीय."

पुढे त्याला गोदामात काम मिळाले, शिक्षण पुरे झाले, आज तो कमावतो आहे. कर्जही थोडे थोडे फिटते आहे. पण तो निभावला तो स्वतःच्या जिद्दीवर. त्याच्या बापाने आणि मी केलेल्या तयारीचा त्यात काही वाटा नव्हता.

आता हिवरे बाजारकडे वळतो, कारण उत्तर तिथेच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव असेच बाहेर पडले होते. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, मिळेल त्या मजुरीला. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. मग समतल चर, बांधबंदिस्ती, पाझर तलाव, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान झाले आणि पाणी थांबले. त्यानंतर बाहेर गेलेली कुटुंबे एकेक करून परत आली. आज त्यांना कोणी "हरून आला" म्हणत नाही. उलट गाव पाहायला येणाऱ्यांना त्यांची गोष्ट कौतुकाने सांगितली जाते.

ते परतू शकले, कारण परतायला जागा होती. या गावाने आणखी एक नियम केला, जमीन बाहेरच्याला विकायची नाही. आपण त्या नियमाकडे शिस्त म्हणून पाहतो. माझ्या मते ती परतीची वाट राखून ठेवण्याची तजवीज आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस किती पडला ते मोजायचे, पिण्याला किती आणि जनावरांना किती ते आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यावर पीक ठरवायचे. पाऊस कमी असेल त्या वर्षी जादा पाण्याच्या पिकाचा हट्ट धरायचा नाही. पोराला परदेशी धाडतानाही हाच हिशेब मांडा.

जमेच्या बाजूला एजंटाची आश्वासने धरू नका. कॅनडा सरकारने फीशिवाय वर्षभराच्या राहण्या-खाण्यासाठी दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर केली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ डॉलर झाली. म्हणजे एकट्या मुलासाठी आपले चौदा-पंधरा लाख. फी आणि विमान वेगळे. "काम करून फी निघते" असे कोणी सांगितले तर त्याला विचारा, कशी? नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या नियमाने कॉलेज सुरू असताना बाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते, आणि तेही मिळाले तर. २०२४ साली विद्यार्थी परवान्यांवर मर्यादाही आली. डिप्लोमानंतर कामाचा परवाना आता ठराविक विषयांनाच मिळतो, तेव्हा विषय निवडण्याआधी तेवढे पाहा.

पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला तिथला परवाना लागतो. 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या संस्थेच्या यादीत त्याचे नाव आहे का, ते मोबाइलवर पाच मिनिटांत कळते. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग पाहता ना, तसे हे पाहा. २०२३ साली खोट्या प्रवेशपत्रांमुळे कित्येक विद्यार्थ्यांवर कॅनडातून हाकलले जाण्याची वेळ आली. त्यात पंजाबची मुले जास्त होती. आणि जानेवारी २०२२ मध्ये गुजरातमधल्या डिंगुचा गावचे नवरा-बायको आणि त्यांची दोन लेकरे कॅनडा-अमेरिका सीमेवर चोरवाटेने जाताना बर्फात गोठून गेली. ती जागा विनिपेगपासून फार दूर नाही.

तिसरी गोष्ट रोपवाटिकेतली. शेडनेटमधले रोप तुम्ही थेट उन्हात लावत नाही. आधी पाणी तोडता, जाळी काढता, रोप काटक करता. लावल्यावर आंबवणी देता. पोराचेही तसेच करा. जाण्याआधी वर्षभर त्याला स्वतःचा स्वयंपाक, कपडे आणि पैशाचा हिशेब स्वतः करू द्या. जाड जाकीट आणि बर्फातले बूट तिथेच घ्यायला पैसे वेगळे काढून द्या. जुन्या कपड्यांच्या दुकानातही ते मिळतात. खोली पाहिल्याशिवाय भाडे धाडू देऊ नका. पहिला हिवाळा काम न मिळता निघेल एवढी पुंजी त्याच्याजवळ हवी, तीच त्याची आंबवणी. तिथल्या मोठ्या शहरांत मराठी मंडळे आहेत, टोरांटोचे मराठी भाषिक मंडळ तर जुने आहे. जाण्याआधीच ओळख काढून ठेवा. आणि फोनवर "मजेत आहे ना?" एवढेच विचारू नका. "आज काय जेवलास?" असे विचारा.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब आणि सोसायटीचे सचिव यांनाही विनंती. अशा कामाचा उतारा किंवा दाखला मागायला कोणी आले की कागद जरूर द्या, पण त्याला खुर्ची देऊन दहा मिनिटे हा हिशेबही विचारा.

पोरांनी जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. शिकायला जरूर जावे. पण जमीन विकून पाठवलेल्या पोराच्या पाठीवर तुम्ही ओझे देता, आणि त्याची परतीची वाटही बंद करता.

त्या काकांना मी शेवटी एवढेच सांगितले, "विहिरीजवळचं रान राहू द्या. बँकेचं शैक्षणिक कर्ज किती मिळतं ते बघा, खर्च त्यात बसवा. बसत नसेल तर एक वर्ष थांबा. आणि निघताना पोराला सांगा, नाही जमलं तर निःसंकोच परत ये."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैशाचं बघू. पण हे शेवटचं मी त्याला अजून बोललोच नव्हतो."

बंधूंनो, तुम्ही बोलला आहात का?