टायरचा चुरा स्लॅबमध्ये नको, कोब्यात घाला




जुने टायर दळून वाळूच्या जागी काँक्रीटमध्ये घालावेत, म्हणजे गिरणा-तापीची वाळूही वाचेल आणि टायरही मार्गी लागतील, ही सूचना हल्ली वारंवार ऐकू येते. मी एका तंत्रनिकेतनाच्या काँक्रीट प्रयोगशाळेत २६ वर्षं चाचणीचे घन भरले आणि फोडले. त्या अनुभवावरून सांगतो, सूचना चांगली आहे, पण ती चुकीच्या जागी वापरली जाण्याची भीती त्याहून मोठी आहे.

आधी टायरचं बघू. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे पारोळा चौफुलीपासून निघा किंवा नगावबारीकडून या, टायरवाल्यांच्या रांगा लागतात. एका दुकानदाराला विचारलं, जुन्याचं काय करता? म्हणाला, "टरकना लेतस भो, फटफटीना कोन्ही लेत नही." ट्रकचे भंगारात जातात, पुढे बरेचसे तेल काढायच्या भट्टीत. राहिलेले पत्र्यावर दगडाऐवजी ठेवतात, पावसाचं पाणी साचून त्यात डेंग्यूचे डास होतात, किंवा होळीला आणि रास्ता रोकोला पेटतात. २०२२ च्या जुलैत केंद्राने टायर कंपन्यांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकली. २०२४-२५ पासून, दोन वर्षांपूर्वी बनवलेल्या टायरइतका माल पुनर्वापरात गेल्याचं त्यांना दाखवावं लागतं. पण तेलाच्या भट्टीतल्या मालावरही प्रमाणपत्र मिळतं. चुरा घेणारं गिऱ्हाईक उभं राहिलं नाही, तर भट्टीचीच धन व्हायची.

आता काँक्रीट. आपला काळा दगड पाण्याच्या पावणेतीन पट जड, रबर पाण्याहून जेमतेम जड. घनात चुरा घालून व्हायब्रेटर लावला की काळे कण हळूहळू वर येऊ लागतात, वरण उकळताना मोहरी वर येते तसे. सिमेंटची खळही त्यांना नीट धरत नाही. पण २८ दिवसांनी असा घन मशीनखाली घातल्यावर जे दिसतं ते मी विसरलेलो नाही. साधा घन ठाकन् फुटतो, कपच्या उडतात. चुऱ्याचा घन आधी कुरकुरतो, बाजूंनी फुगतो, तडे जातात, तरी तुकडे एकमेकांना धरून राहतात. आकडा मात्र साध्या घनापेक्षा कमीच येतो. मुलं टाळ्या वाजवायची, मी वहीत आकडा लिहायचो.

हा काही माझ्याच प्रयोगशाळेचा दोष नाही. १९९३ साली अमेरिकेत एल्डिन आणि सेनूसी यांनी सगळी खडी काढून रबराचे तुकडे घातले, तर दाब सोसायची ताकद सुमारे ८५ टक्के घटली. जयपूरच्या एमएनआयटीत थॉमस आणि गुप्ता यांनी वाळूच्या जागी २० टक्क्यांपर्यंत चुरा वापरून पाहिला. ताकद चुऱ्याच्या प्रमाणात उतरत गेली, मात्र घासून झिजणं कमी झालं. थोडक्यात, जिथे ओझं कमी आणि धक्का, घासणं किंवा ऊन जास्त, ती या मालाची जागा. भारतीय मानक आयएस ३८३ ने २०१६ साली पोलादाची मळी, तांब्याची मळी, जुन्या काँक्रीटचा चुरा यांना खडी-वाळूत जागा दिली. रबराला दिली नाही, आणि ते योग्यच झालं. घरकुलाच्या कॉलमात एखाद्या ठेकेदाराने "पर्यावरणपूरक" म्हणून चुरा लोटला तर जाब कुणाला विचारायचा?

अनेकजण म्हणतात, मग फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकमध्ये घाला. इथे एक गंमत आहे. आपल्या घराचा स्लॅब बहुधा एम-२० ताकदीचा, आणि नुसतं चालायच्या जागेच्या पेव्हर ब्लॉकला २००६ च्या मानकाने एम-३० मागितलं! म्हणजे फुटपाथ हीसुद्धा सोपी जागा नाही. चुरा घालायचाच तर तो ब्लॉकखालच्या साध्या काँक्रीटच्या थरात (पीसीसी), दुभाजकाच्या पोटात, मैदानाच्या पायवाटेत.

आणि गच्चीच्या कोब्यात. याचा कुणी विचारच करत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा स्लॅबच्या घरात रात्री बारालाही छत तापलेलं असतं. आपल्या आजोबांनी धाब्यावर खारी माती पसरली होती ती उगाच नाही. रबर उष्णता कमी वाहून नेतं आणि वजनाला हलकं. कोब्याला ओझं पेलायचं नसतं. तो चिरला तरी घर पडत नाही, आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर देता येतो.

अडचण दराची आहे, हे लपवत नाही. वाळू ब्रासवर मिळते, टायरचा चुरा किलोवर. टायरमधल्या तारा काढून दळायला वीज आणि मजुरी लागते. शिवाय चुरा आजवर मुख्यतः डांबरात खपत आला, आणि आपल्याकडे गल्लीबोळ काँक्रीटचे होत चालल्याने ती वाटही अरुंद होतेय. पण दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचं काय झालं ते आठवा. वेल्हाळ्याच्या तलावात साचणारी राख विटेत जावी म्हणून १९९९ मध्ये केंद्राला अधिसूचनाच काढावी लागली. त्यानंतर राखेच्या विटेला गिऱ्हाईक मिळालं. सक्ती आणि मानक नसताना कुणी प्रेमापोटी राख घेतली नव्हती.

म्हणून जळगाव आणि धुळे महापालिकांना माझी विनंती आहे. आपल्याच एखाद्या शाळेच्या गच्चीवर अर्धा भाग साध्या कोब्याचा आणि अर्धा चुऱ्याचा करा. मार्च ते जून दोन्ही भागांखालच्या खोल्यांत थर्मामीटर टांगा, पावसाळ्यात गळती बघा, आणि आकडे जाहीर करा. निविदेत चुऱ्याचं प्रमाण लिहा आणि तो कुठे वापरायचा नाही तेही लिहा. घन भरायला आणि फोडायला मी फुकट येईन. फक्त मशीन चालू स्थितीत ठेवा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
देवपूर, धुळे